शांतता कुणाची?

मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. सातवीत शाळा सुटली. पुढचं शिक्षण संविधानाच्या एका फाटक्या प्रतीवर झालं. तेव्हा हे पंडिताचं बोलणं नव्हे.

वस्तीच्या नळासाठी आमचा मोर्चा निघणार होता. पोलिसांनी हातात नोटीस दिली : जमावबंदी आहे, शांततेचा भंग होईल. पत्रकांचा गठ्ठाही उचलला. ‘वाचून परत देतो’ म्हणाले. अजून वाचताहेत! बाया लांबून हंडे वाहत होत्या तेव्हा शांतता भंगली नव्हती. आम्ही तोंड उघडणार म्हणताच भंगली. मग ही शांतता कुणाची?

आधी हे कलम 144 होतं. 1 जुलै 2024पासून नव्या संहितेत 163 झालं. आकडा बदलला, दंडुका तोच.

पण सगळे निर्बंध मोडीत काढा, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. मद्रास सरकारनं ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावर घातलेली बंदी सुप्रीम कोर्टानं 1950 साली उडवली. 1951ला पहिली घटनादुरुस्ती आली आणि भाषणस्वातंत्र्यावर ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’चा लगाम चढला. तेव्हा कायदेमंत्री बाबासाहेब होते. संसदेत त्यांनी या दुरुस्तीची बाजू मांडली.

हे वाचलं आणि दोन पाळ्या माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आपले काहीजण हे पान उलटून पुढं जातात. मी म्हणतो, थांबा. त्याच दुरुस्तीनं ‘वाजवी’ हा शब्दही तिथं घातला. म्हणजे बंदी वाजवी आहे की नाही, हे बंदी घालणाऱ्यानं एकट्यानं ठरवायचं नाही. कोर्ट ते तपासू शकतं. आणि ‘वस्ती पेटवा’ म्हणून ओरडणाऱ्याला आपण भाषणस्वातंत्र्य देणार आहोत का? नाही ना? मग कसोटी एकच. बंदी कुणाला वाचवते? मार खाणाऱ्याला मारापासून, की मारणाऱ्याला प्रश्नापासून?

महाड आठवा. 20 मार्च 1927ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ काढलं. पाय रस्त्यावर पडले की तोंडही आपलंच लागतं, दुसऱ्याच्या छापखान्यात ते उसनं मिळत नाही. डिसेंबरात सवर्णांनी ‘तळं खाजगी आहे’ म्हणून कोर्टातून मनाई आणली. बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. पण परिषद भरली, मनुस्मृती जळली, मिरवणूक निघाली. आणि दावा 1937पर्यंत लढून हायकोर्टात जिंकला. पाऊल थांबवलं, जीभ थांबवली नाही. हुकूम पाळणं वेगळं, गप्प बसणं वेगळं. आपण दोन्हीची गल्लत करतो. म्हणून एकतर उगाच डोकं फोडून घेतो, नाहीतर घरी जाऊन झोपतो.

सोमवारी पाळी सुटली की मी चौकीवर जाणार आहे. गठ्ठ्याची पावती मागीन. बंदीचं कारण लेखी मागीन. नाही दिलं तर वकील गाठीन.

तोवर स्टेन्सिल पुन्हा कापून ठेवलंय.