लांबवलेली रात्र

कार्तिकापासून मालवण तालुक्यात जत्रा सुरू होतात आणि कट्ट्याच्या पंचक्रोशीतली माणसे रात्री जागू लागतात. पालखीची प्रदक्षिणा, खाजे आणि भज्यांची दुकाने, मग मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार. गणपती, संकासुर आटोपले की आख्यान उभे राहते ते तांबडे फुटेपर्यंत. दहीकाला झाला की नट पेटारे आवरून पुढच्या गावाला निघतात, कारण रात्री तिथे पुन्हा तोंडाला रंग लावायचा असतो. हे सगळे चहावर चालते, आणि बऱ्याच जणांचे तंबाखूवरही.

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे डोळे जड होतात. चहातले कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवून बसते. थकवा असतो तिथेच, फक्त त्याची वर्दी पुढे जात नाही. निम्मे कॅफिन शरीरातून उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे बाराला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल दहीहंडी फुटते तेव्हाही अंगात असतो. इथपर्यंतचे गणित अनुभवाने सगळ्यांनाच ठाऊक आहे.

कॅफिनचा हात झोपेपलीकडे, वेळ ठरवणाऱ्या घड्याळापर्यंत पोचतो, हे मात्र अलीकडे कळले. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर हजारो पेशींचे दोन पुंजके आहेत. शरीराची रात्र कधी सुरू व्हायची ते इथे ठरते. माणसात या घड्याळाची फेरी चोवीस तासांहून किंचित मोठी असते. सकाळचा उजेड तिला रोज ताळ्यावर आणतो. २०१५ साली अमेरिका आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले, की झोपायच्या तीन तास आधी कडक कॉफीइतके कॅफिन घेतले तर शरीराला रात्रीची वर्दी देणारे मेलाटोनिन स्रवण्याची वेळ सुमारे ४० मिनिटे पुढे जाते. प्रयोगात माणसे होती अवघी पाच, आणि पाच जणांवरून जगाला शहाणपण शिकवू नये. पण त्याच अभ्यासात काचपात्रातल्या मानवी पेशींचीही फेरी कॅफिनने लांबली, तेव्हा दखल घ्यावीच लागते. जत्रेच्या हंगामातला नट रोज थोडा पश्चिमेकडच्या देशात राहायला जातो म्हणा ना.

मेथअँफेटामिन, म्हणजे मेथ, या उत्तेजक अमली पदार्थाची गोष्ट याहून विचित्र आहे. १९८०च्या दशकात जपानच्या होक्काइदो विद्यापीठात केन-इची आणि सातो होन्मा यांनी उंदरांच्या मेंदूतले ते पुंजके नष्ट केले. अशा उंदरांना दिवसरात्रीचे भान उरत नाही. केव्हाही धावतात, केव्हाही निजतात. पण पिण्याच्या पाण्यात मेथ मिसळल्यावर त्यांच्या धावण्या-निजण्याला पुन्हा लय आली. मात्र ती चोवीस तासांहून मोठी होती, आणि उजेड-अंधाराला ती जुमानत नव्हती. कॅफिन घड्याळ मागे पाडते. इथे मेंदूने सूर्याशी देणेघेणे नसलेले दुसरेच घड्याळ चालू केले होते. ते नेमके कुठे असते यावर अजून वाद आहे. संशयाची सुई डोपामिनवर चालणाऱ्या भागांकडे वळते.

महाराष्ट्राला ही गोष्ट दूरची नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडले. मेफेड्रोन हे मेथच्याच गोतावळ्यातले. मेंदूत डोपामिन उसळवण्याचे काम दोन्ही करतात. आपली चर्चा किती कोटींचा माल आणि कोण आरोपी यातच संपली. चहाला आणि एमडीला एका तागडीत घालणे मूर्खपणाचे आहे. तरी एक प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो: जागे राहण्याची गरज नक्की कोणाची? दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना पर्व्हिटिन नावाने मेथच्या गोळ्या वाटल्या, तेव्हा ती गरज सैनिकाची नव्हती.

दशावताराच्या रात्रीला हंगाम असतो, पावसाळ्यात ती थांबते, असे कोणी म्हणेल. मलाही ते मोहक वाटते. पण प्रेक्षक दुसऱ्या दुपारी ताणून देतो. नट तोपर्यंत टेम्पोत असतो. आणि गणपतीत मुंबईहून चाकरमान्यांना रातोरात आणणारा, मग रिकामी गाडी घेऊन लगेच उलटा फिरणारा चालक? पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, लक्ष ढळते, आणि त्या वेळी तो चहा आणि तंबाखूच्या जोरावर महामार्गावर असतो. मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. तो कामाचे तास साधारण दिवसाला आठ ठरवत असे. दुपारी तीनचा तास आणि पहाटे तीनचा तास त्या मोजणीत सारखाच धरला जाई.