दोरी पेटेपर्यंत

चि. सोनू यास,
सावंतवाडीहून आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मी चष्मा पुसून सावकाश वाचला. सहामाहीचं वेळापत्रक, बाबाचा खोकला आणि सायकलचं पंक्चर एवढं सगळं तीन ओळींत उरकलंस आणि बाकीचा मजकूर सगळा 'हार्थस्टोन' या पडद्यावरच्या पत्त्यांच्या खेळातल्या हरलेल्या डावांचा. पण मला त्याचं बरंच वाटलं, कारण ज्यात जीव रमतो त्याबद्दल माणसानं भरभरून बोलावं, आणि ते तुला आजीशी बोलावंसं वाटलं, याहून मला आणखी काय हवं? मे महिन्यात पडवीत बसून तू मला हा खेळ शिकवलास, तेव्हापासून दुपारची झाकपाक झाली की मीही टॅबलेट उघडून एखादा डाव मांडते. त्यामुळे तू काय म्हणतोस ते मला बरोबर कळतं.

बाळा, तू वाईट खेळत नाहीस. पानं निवडतोस ती विचार करून, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हेही तुला चटकन उमगतं. तू फक्त घाई करतोस.

बघ, दोघांकडेही तीस-तीस पानांचा गठ्ठा, दोघांच्याही नायकाला 30 प्राण, आणि पहिल्या टर्नला पानं खेळण्यासाठी खर्चायला एकच निळा स्फटिक. दुसऱ्या टर्नला दोन, तिसऱ्याला तीन, असे ते दहापर्यंत वाढत जातात, आणि कुणी कितीही पैसे ओतून पानं विकत घेतलेली असोत, तोही पहिल्या टर्नला एकाच स्फटिकावर बसतो. (हा नियम ज्याला सुचला त्याचं भलं होवो.) तरी तुझं होतं काय, की हातात आलेलं पान परवडतंय एवढ्याच कारणासाठी लगेच खाली पडतं. पाचव्या-सहाव्या टर्नला हात रिकामा, आणि मग गठ्ठ्यातून जे एक पान वर येईल त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी करताना सोलं, सांडगे, सुके बांगडे डब्यांत भरून ठेवतात, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून कुणी सगळे डबे एकदम उघडत नाही. आषाढात बाजार बंद पडतो तेव्हा ते लागणार असतात. हातातली चार पानं तशी राखावीत.

पण राखणं म्हणजे साठवून बसणं नव्हे, तेही सांगते. हातात दहाच पानं मावतात, अकरावं आलं की ते डोळ्यांदेखत जळून जातं, आणि या टर्नचे न वापरलेले स्फटिक पुढच्या टर्नला मिळत नाहीत. गठ्ठा संपला तर आणखी वाईट, मग पान ओढायला गेलं की पहिल्यांदा एक प्राण जातो, मग दोन, मग तीन. तेव्हा काटकसर करायची ती खर्च टाळण्यासाठी नाही, वेळेवर खर्च करता यावा म्हणून. तुझे आजोबा घरखर्चाची वही लिहायचे तीही अशीच. महिन्याच्या शेवटी हाताशी काही उरलं की ते घरात सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन यायचे.

त्या नाण्याचंच बघ ना. जो दुसरा खेळतो त्याला सुरुवातीला एक पान जास्त मिळतं आणि वर ते नाणं, ज्यानं त्या एका टर्नपुरता एक जादा स्फटिक हाती येतो. तू ते पहिल्याच टर्नला मोडून टाकतोस. कधी कधी ते बरोबरही असतं, नाही असं नाही. पण एकदा ते चौथ्या टर्नपर्यंत ठेवून बघ, पाच स्फटिकांचं पान एक टर्न आधी खाली उतरलं की समोरच्याचा सगळा बेत कसा कोलमडतो ते. आणि डाव सुरू होण्याआधी नको ती पानं परत करून दुसरी घ्यायची मुभा असते, तिथेही जरा थांबत जा. चित्र सुंदर आहे म्हणून आठ स्फटिकांचं पान हातात धरून ठेवलंस, तर आठवा टर्न येईपर्यंत ते नुसतं जागा अडवून बसतं.

आता त्या दोरीबद्दल. तुझी सगळी घाई तिथूनच येते असं मला वाटतं. एका टर्नला सव्वा मिनिट मिळतं. त्यातला शेवटचा थोडा वेळ उरला की पटाच्या मधोमध आडवी दोरी दिसते, तिचं टोक पेटतं आणि ठिणगी चर्रचर्र करत दुसऱ्या टोकाकडे सरकू लागते. मी तुझ्याकडे बघत होते ना, दोरी दिसायच्या कितीतरी आधी तुझा अंगठा त्या टर्न संपवायच्या बटणावर जाऊन बसलेला असायचा. सोन्या, दोरी पेटेपर्यंतचा सगळा वेळ तुझा आहे. आधी पटावर पानांतून उतरलेले कुणाकुणाचे शिपाई उभे आहेत ते बघ, त्यातला कोण वाट अडवून उभा आहे ते बघ, कारण त्याला बाजूला केल्याशिवाय पलीकडच्या नायकापर्यंत तुझा शिपाई पोचत नाही. मग कुणाचे किती प्राण जातील याची मनात बेरीज कर. ती झाली की मगच पानाला बोट लाव. मी खेळताना नायक म्हणून धर्मोपदेशक अँडुइनला घेते. दोन स्फटिक दिले की तो कुणाचेही दोन प्राण भरून काढतो, आणि माझ्या जखमी शिपायाला असा एक टर्न जास्त जगवताना मला फार समाधान वाटतं.

सकाळी लवकर उठतोस ना? मला माहीत आहे तू उठतोस. तो पहाटेचा तास गणिताला दे, खेळाला नको. खेळात रोज जी कामं नेमून मिळतात ती आजची आज केली नाहीस तरी पळून जात नाहीत, तीनपर्यंत साठून राहतात. परीक्षेच्या आठवड्यात ती तशीच राहू देत, शनिवारी दुपारी बसून सगळी एकदम फेड.

आणि ते धुळीचं प्रकरण. तू लिहिलंस की एका लेजेंडरी पानासाठी जवळची बाकीची पानं मोडून त्यांची धूळ करणार आहेस, आणि तेही या रविवारच्या आत. थोडं कागदावर मांडून बघ. लेजेंडरी पान बनवायला 1600 धूळ लागते, आणि मोडलं तर 400 परत मिळते, म्हणजे एकासाठी चार जातात. साध्या पानाचं तर विचारूच नकोस, बनवायला 40, मोडलं तर हाती पाच. जे पान जास्तीचं आहे, गठ्ठ्यात दोनच्या वर चालतच नाही, ते खुशाल मोड. पण आज बिनकामाचं वाटणारं पान दोन महिन्यांनी नेमकं लागतं, हे तूच मला मे महिन्यात सांगितलं होतंस. शंभर सोन्याच्या मोहरा जमल्या की पाच पानांचं एक पुडकं मिळतं, आणि त्या मोहरा खेळता खेळता आपोआप जमतात. दसऱ्यापर्यंत थांब. पुडक्यातून काय निघेल ते दैवावर असतं, म्हणून बाबाच्या कार्डावरून पैसे भरून दैव अजमावायचं नाही. ते तू करणार नाहीस हे मला ठाऊक आहे, लिहिलं ते आपलं आजी म्हणून.

तुला एक गोष्ट सांगायचीच राहिली होती. हा खेळ 2014 साली आला, आणि त्याच वर्षी आयपॅडवरही. तो घडत असताना बनवणाऱ्यांतले बहुतेक लोक कंपनीनं दुसऱ्या कामावर नेले आणि मागे उरले दोघेच, एरिक डॉड्स आणि बेन ब्रोड. ते दोघे जवळजवळ वर्षभर कागदाचे पत्ते करून एकमेकांशी खेळत राहिले, जे जड वाटलं ते काढत राहिले. आपल्या टर्नला समोरच्याला मध्ये काहीच करता येत नाही, शांतपणे आपली खेळी करता येते, हा साधेपणा अशा खेळून खेळून केलेल्या कामातून येतो. आणि भुजच्या तीर्थ मेहतानं 2018 मध्ये जाकार्ताच्या आशियाई खेळांत याच खेळात कांस्यपदक आणलं. तेव्हा हा खेळ तिथे प्रदर्शनापुरताच होता, देशाच्या पदकांच्या बेरजेत ते धरलं गेलं नाही, तरी मला त्याचं कौतुक वाटतं. एकट्यानं पडद्यासमोर बसून एवढं डोकं थंड ठेवणं सोपं नाही.

अनोळखी माणसाला या खेळात काही टाइप करून पाठवता येत नाही, ठरावीक चार-सहा बोलच पाठवता येतात, हे फार शहाणपणाचं केलंय. त्यातला नमस्काराचा बोल तू प्रत्येक डावाला पाठवतोस, ते मी पाहिलंय. हरल्यावरही 'छान खेळलात' पाठवतोस, तेही पाहिलंय. माझ्या मनात ते राहिलंय.

दिवाळीत येशील तेव्हा तुला राजवाड्यात नेणार आहे. आपल्या वाडीच्या गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले पत्ते, तू तिथे लहानपणी बघितल्या होत्यास, पण हातात घेतल्या नव्हत्यास. गोल पानं, लाखेची चकाकी, आणि दशावतारी गंजिफेची 120 पानं म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा, वर राजा, त्याखाली प्रधान, मग एक्का ते दश्शी. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, हे ध्यानात ठेवायलाच पहिली दुपार जाईल. ही कला जाणणारे हात फार थोडे उरले होते तेव्हा राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ती पुन्हा उभी केली, स्वतः रंगकामाला बसल्या, म्हणून आज ती आपल्याला बघायला मिळते. तिथे कारागीर एकेका मत्स्याच्या शेपटीवर केसासारख्या कुंचल्यानं खवले काढतात ते तुला दाखवायचंय.

दिवसा डाव मांडला तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची. आपण रात्रीच मांडू, तुझी आई फराळाच्या कामातून मोकळी झाली की. पण गंजिफेला तीन भिडू लागतात, प्रत्येकाला चाळीस पानं. तू आणि मी झालो दोघं, आई नुसती बघणार म्हणते, तेव्हा बाबाला रजा टाकायला आत्ताच सांगून ठेव, आणि तिकिटं काढलीस की गाडी कुठली ते कळव.

तुझी,
आजी