जमीन कुणाच्या नावावर?

सॅन डिएगोमधल्या एका तरुणाचा डावा हात मोटार अपघातात कोपराच्या वरून गेला. जखम भरत आली, तरी तो सांगत राहिला, "हात आहे. बोटं हलतात. खाज सुटते, पण खाजवू कुठे?"

अशा माणसाला लोक समजावत आले आहेत: हा मनाचा खेळ आहे, होईल सवय. गेलेला अवयव अजून जाणवतो, असं अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांचं सांगणं डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी ऐकलं होतं. १८६६ साली त्यांनी ते छापलं, तेही निनावी कथा म्हणून.

मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी त्या तरुणाला समजावलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली, कापूस गुंडाळलेली काडी अंगाला ठिकठिकाणी टेकवली आणि विचारलं, "कुठे लागतंय?" गालाला टेकवली तेव्हा तो म्हणाला, "गालाला, आणि त्या हाताच्या अंगठ्यालाही." वरच्या ओठाला टेकवली, तर तर्जनीला. खालच्या जबड्याला टेकवली, तर करंगळीला. या गोष्टीत मला सर्वांत मोठं वाटतं ते हे विचारणं. यंत्र नव्हतं, खर्च नव्हता. समोरचा खरं बोलतोय, एवढं गृहीत धरलं होतं.

मेंदूत स्पर्शाचा नकाशा असतो आणि त्यात हाताच्या शेजारी चेहरा, हे माँट्रिअलचे मेंदू-शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी आधीच दाखवलं होतं. हाताच्या नसा तोडलेल्या माकडांत बऱ्याच वर्षांनंतर मेंदूतल्या हाताच्या जागी चेहऱ्याचे संदेश पोचतात, हे १९९१ साली दिसलं. अर्थ निघाला, की शेजाऱ्यानं बांध कोरून पडीक जमीन घेतली.

२०२५ साली मात्र मेंदूशास्त्रज्ञ तमार मेकिन आणि सहकाऱ्यांनी तिघांचे मेंदू हात कापण्याआधी आणि नंतर, एकाचा तर पाच वर्षांपर्यंत, तपासले. हात गेल्यावर त्या तिघांना सांगितलं, "गेलेली बोटं हलवा." तिघांनी प्रयत्न केला, आणि शस्त्रक्रियेआधीचाच नकाशा पुन्हा उजळला. ओठांनी बांध ओलांडलेला दिसला नाही. गालाचा स्पर्श हातात का उमटतो, यावर वाद चालू आहे. पण सातबारा अजून हाताच्याच नावावर होता. मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारा कृत्रिम हात घडवणाऱ्यांना आता याच नकाशाचा आधार घेता येईल.