गारव्याचा जमाखर्च

चैत्र सरत आला की दिल्लीतल्या मराठी घरांत एक प्रश्न हटकून निघतो : यंदा खिडकीत काय बसवावयाचे? नुसता पंखा, पाण्याचा कूलर, की वातानुकूलन यंत्र? प्रश्न दिसावयास बाजारातला आहे. किंमत, वीज आणि आवाज या तीन कसोट्या लावल्या की तो सुटतो, अशी आपली समजूत असते. आम्हीही तो कैक वर्षे तसाच सोडवीत आलो. गेल्या उन्हाळ्यात मात्र त्याच्या पोटात दुसराच एक प्रश्न दडला असल्याचे आमच्या ध्यानात आले, आणि तो कोणत्याही दुकानात सुटण्यासारखा नव्हता.

साताऱ्या-पुण्याकडून बदली होऊन आलेल्या माणसाला दिल्लीचा उकाडा प्रथम समजतच नाही. आपल्याकडे दुपार कितीही तापली तरी रात्री वारा सुटतो आणि छताचा पंखा पुरतो. येथे दिवसा लू वाहते. रात्री दिवसभर तापलेल्या छतातून आणि भिंतींतून उष्णता पाझरत राहते. छताचा पंखा खोलीतली हवा ढवळतो, पण ती बदलीत नाही. तापलेल्या खोलीत तो तापलेलीच हवा अंगावर घालतो. हवा बदलण्याचे काम खिडकीतल्या पंख्याचे. त्याचे शास्त्र साधे आहे. सूर्य वर असेतो खिडक्या आणि पडदे बंद ठेवावेत. बाहेरची हवा आतल्या हवेहून गार झाली की सावलीच्या बाजूची खिडकी उघडावी, आणि समोरच्या बाजूच्या खिडकीत पंखा लावून आतली ऊन हवा बाहेर लोटावी. हवेला जावयाला वाट नसेल तर यावयालाही नसते. हा उपाय स्वस्त आहे, निर्मळ आहे. फक्त रात्र गार असली पाहिजे. २०२४ च्या जूनमध्ये सफदरजंग वेधशाळेने एका रात्रीचे किमान तापमान ३५.२ अंश नोंदविले. अशा रात्री खिडकीतला पंखा बाहेरून काय आणणार?

मग येतो कूलर. पंख्याभोवती लाकडाच्या तंतूंच्या किंवा वाळ्याच्या भिजत्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, आणि पाणी वर चढविणारा लहानसा पंप, एवढीच त्याची रचना. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हवा गार होते ती त्यामुळे. म्हणून मे-जूनच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि पावसाळी दमट हवेत निरुपयोगी ठरतो. त्याचा एक गुण आम्हांला फार आवडतो. त्याला बंद खोली चालत नाही. समोरची खिडकी उघडी ठेवली नाही तर घर ओलसर होऊन जीव घुसमटतो.

तथापि कूलरलाही स्वतःचा खर्च आहे, आणि तो विजेच्या बिलात दिसत नाही. जेथे पाण्याचा टँकर आला की बादल्यांची रांग लागते, त्याच शहरात आमचा कूलर दिवसाला काही बादल्या पाणी हवेत उडवितो. शिवाय त्याच्या टाकीत साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची जी साथ आली तिच्यात दहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ४२३ माणसे दगावली. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करावयाची. नुसती रिकामीही नव्हे, तर घासून काढावयाची, कारण अंडी कडांना चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्महिने टिकतात. महापालिकेचे कर्मचारी घरोघर टाक्या पाहत फिरतात तेव्हा आपल्याला तो उपद्रव वाटतो. पण आमच्या आळसातून निघालेला डास आमचेच दार धरून बसत नाही. तो शेजारच्या पोरालाही चावतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आई गावाहून आमच्याकडे राहावयास आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, हृदय थकलेले. दोनदा घेरी आल्यावर डॉक्टरांनी बजाविले की, यांना ऊन सोसणार नाही, खोली गार ठेवलीच पाहिजे. जुलैत कूलर हात टेकणार हे उघड होते. तेव्हा आम्ही यंत्र घ्यावयाचे ठरविले. आमचे क्वार्टर दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मागच्या खोलीच्या खिडकीत बसणारे एकसंध यंत्र सर्वांत स्वस्त पडेल, असे कारागिराने सांगितले. तो खिडकीचे माप घेत असता आईंनी कॉटवरून विचारले, "अरे, आतलं ऊन हे यंत्र ओढून घेणार, ते मग कुठं जायचं?"

कारागीर हसून म्हणाला, "बाहर, माताजी."

"बाहेर म्हणजे कुठं?"

खिडकीबाहेर पाच-सहा हातांवर कडुनिंबाखाली आमच्या प्रेसवाल्याचे टेबल आहे. सकाळी आठापासून अंधार पडेतो तो तेथे उभा असतो, आणि लोखंडी इस्त्रीत कोळसे घालून सबंध गल्लीचे कपडे कडक करीत असतो. आमचे कार्यालयात जावयाचे सदरेही त्यांतच असतात. यंत्राचे तोंड नेमके त्याच्या छातीच्या उंचीवर आले असते.

आम्ही पदवीधर आहोत. उष्णता नाहीशी होत नाही, केवळ जागा बदलते, हे आम्हांला शाळेतच शिकविले होते. मागाहून हिशेब करून पाहिला. दीड टनाचे यंत्र पूर्ण ताकदीने चालले तर खोलीतून सुमारे पाच किलोवॅट उष्णता काढते, त्यासाठी दीडएक किलोवॅट वीज खाते, आणि दोहोंची बेरीज बाहेर फेकते. म्हणजे एक किलोवॅटच्या सहा-सात विजेच्या शेगड्या आम्ही त्या माणसाच्या समोर पेटवून ठेवणार होतो. हा हिशेब आम्हांला येत होता, पण तो करावा असे सुचले नव्हते. प्रश्न विचारला तो मराठी चार इयत्ता शिकलेल्या आईंनी.

या शोधाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बंगल्यांत थर्मँटिडोट नावाचे यंत्र असे. १८८६ साली निघालेल्या युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद आहे. खिडकीत बसविलेला फिरता पंखा आणि त्याभोवती भिजते वाळ्याचे पडदे, असे त्याचे स्वरूप. आजच्या कूलरचा तो पणजोबाच. त्याला वीज नव्हती, माणूस होता. साहेब आत गारव्यात, आणि पंख्याचा दांडा फिरविणारा व पडद्यांवर पाणी मारणारा बाहेर, लूमध्ये. छताला टांगलेल्या पंख्याची दोरी ओढणारा व्हरांड्यात बसे. तो पेंगला म्हणून त्याला मारहाण झाल्याची, आणि त्या मारात तो मेल्याचीही, प्रकरणे त्या काळी न्यायालयांपर्यंत गेली. ते वाचून आपण हळहळतो आणि आपल्या काळाबद्दल समाधान मानतो. विजेने तो दांडा माणसाच्या हातून सोडविला हे खरेच. ते उपकार लहान नव्हेत. परंतु गारव्याची किंमत कोणीतरी बाहेर उभे राहून मोजावयाची, ही रीत विजेने मोडली असे म्हणता येईल काय? पूर्वी मोजणारा दिसत असे, आता दिसत नाही, एवढाच फरक पडला. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र प्रदूषणापायी बंद झाले, तेव्हा दिल्लीकरांनी सुटकेचा श्वास घेतला. पण कोळशाच्या विजेवाचून दिल्लीचे भागले नाही. त्या विजेचा धूर आता दादरीसारख्या दिल्लीबाहेरच्या केंद्रांभोवती निघतो, इतकेच. शहराची खिडकीही घराच्या खिडकीसारखीच आहे.

येथे लोकमान्य टिळकांची आठवण होते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी आधिभौतिक सुखवादाची सविस्तर चिकित्सा केली आहे. कृत्याच्या बाह्य परिणामांची नुसती मोजदाद करून नीतीचा निर्णय लागत नाही, कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे, हा त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ. आमच्या प्रकरणात बुद्धीला नाव ठेवण्यासारखे काय होते? प्रेसवाल्याला भाजून काढावे असे आमच्या स्वप्नीही नव्हते. आईंना बरे वाटावे, एवढाच हेतू होता. हेतू शुद्ध, आणि तरी शेगड्या पेटणारच होत्या. मग शुद्ध बुद्धी पुरेशी नाही असे म्हणावयाचे काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. टिळक ज्या बुद्धीला शुद्ध म्हणतात ती साम्यबुद्धी आहे, स्वतःला आणि परक्याला एका मापाने मोजणारी. अशी बुद्धी आपल्या कृत्याची झळ कोठवर पोहोचते हे पाहिल्यावाचून राहील कशी? न पाहता स्वच्छ राहिलेला हेतू हा शुद्ध नव्हे. तो केवळ अनभिज्ञ असतो. वाईट इच्छिले नाही, हा बचाव ज्याला कळण्याचा मार्गच नव्हता त्याला शोभतो. ज्याला सहज कळण्यासारखे होते आणि ज्याने विचारले नाही, त्याचे न विचारणे हेच त्याचे कृत्य होय.

यावर कोणी म्हणेल की, हा अतिरेकी सोवळेपणा झाला. या महानगरात लाखो यंत्रे चालतात. एका कारकुनाने आपले यंत्र न लावल्याने पारा खाली येणार नाही, आणि त्याच्या आईंचे मात्र हाल होतील. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. गारवा सोडावा असे आमचे म्हणणेच नाही. आजारी म्हाताऱ्या माणसाला गारवा हवाच, आणि तो देणे हेही कर्तव्यच. आमचे म्हणणे एवढेच की, हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. कार्यालयात एका बाजूची नोंद गाळली तर आपण कारकुनाला जाब विचारतो. घरच्या गारव्याची मात्र जमा तेवढी लिहून खर्चाचे पान कोरे ठेवतो. खर्च टाळता येत नसेल तर तो निदान लिहावा. आणि लिहिला की तो जेथे कमी करता येईल तेथे केल्यावाचून राहवत नाही.

अखेर आम्ही दोन भागांचे यंत्र घेतले आणि बाहेरचा भाग वरच्या शेजाऱ्यांच्या संमतीने गच्चीवर बसविला. तांब्याची नळी लांबली, तिचे पैसे जास्त पडले. कारागिराने आम्हांला वेड्यात काढले. मे-जूनमध्ये कूलरच चालविला आणि दर रविवारी त्याची टाकी आम्ही स्वतः घासली. यंत्र पावसाळ्यात चालू केले, तेही २६ अंशांवर आणि आईंच्या खोलीपुरते. रात्री गारवा आला की ते बंद करून खिडकी उघडावयाची आणि जुना पंखा लावावयाचा. कारण बंद खोलीत आईंनाच करमत नाही.

याने प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. नळी लांबली म्हणून यंत्र किंचित जास्तच वीज खात असणार. गच्चीवरची उष्णता कोणा एकाच्या तोंडावर येत नाही, पण ती दिल्लीतच उतरते, आणि ज्यांच्या घराला छतच पत्र्याचे आहे त्यांच्यापर्यंतही तिचा अंश जात असेल. प्रेसवाल्याला आम्ही यातले काही बोललो नव्हतो. कारागिराकडून कळले असावे. एके दिवशी सदरे देताना तो सहज म्हणाला, "बाबूजी, गर्मी तो हमारा धंधा है." त्यात आभार होते की टोमणा, हे आम्हांला अजून ठरविता आलेले नाही. आई मात्र दुपारी खिडकीशी बसून त्याच्याकडे पाहत असतात, आणि चार वाजले की आतून थंड पाण्याची एक बाटली खिडकीच्या गजांतून बाहेर देतात.