रंगाची जागा

1984 साली सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. अशाच एका शाळेत एक मुलगा होता नववीत आणि एक मुलगी आठवीत. दोघांनाही बेसिक भाषेचा नाद लागला होता.

स्नेहसंमेलनाला पालक संगणक बघायला येणार होते. सरांनी दोघांना एकेक संगणक दिला आणि म्हणाले, "पाहुण्यांचं स्वागत करा."

संगणकाचा पडदा निरनिराळ्या 'मोड'मध्ये चालायचा; मुलाने मोड 2 निवडला. त्यात सगळ्यात जास्त रंग, आठ स्थिर आणि आठ लुकलुकणारे. 'वेलकम'चं प्रत्येक अक्षर त्याने निराळ्या रंगात रंगवलं, मागची पट्टीही लुकलुकती केली. मग त्याला वाटलं, पाहुण्यांचं नावही विचारावं. तेवढ्या ओळी वाढवून त्याने प्रोग्राम चालवला, तर पडद्यावर आलं, 'नो रूम'. संगणकाची सगळी मेमरी 32 के (किलोबाइट), आणि त्यातली 20 के या रंगीत पडद्यालाच लागायची. मुलाने थोडा विचार केला आणि नावाच्या ओळी खोडल्या.

मुलीने मोड 7 घेतला. त्याच्या पडद्याला 1 के पुरायची. पण तिथे रंग बदलायचा तर रंगाच्या आकड्याला ओळीतलं एक घर द्यावं लागे आणि ते घर रिकामं दिसे. तिने पाहिलं, नावाच्या आधी आणि नंतर जागा सोडावी लागतेच. आधीच्या घरात तिने 131 म्हणजे पिवळा ठेवला, नंतरच्या घरात 135 म्हणजे पांढरा. बाकी काही रंगवलं नाही.

संमेलनाच्या दिवशी मुलाच्या पडद्यासमोर आधी गर्दी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं क्षणभर थांबली, डोळे चोळत पुढे गेली.

शिपाईमामांच्या आई मुलीच्या संगणकापाशी आल्या. त्यांना मराठीही वाचता येत नव्हतं, मग इंग्रजी कुठून!

"तुमचं नाव काय, आजी?"

"सखू."

मुलीने पाच अक्षरं दाबली. पडद्यावर पांढरी ओळ उमटली.

"यातलं पिवळं दिसतंय ना, ते तुमचं नाव."

आजी वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी लेकाला हाक मारली, सुनेला बोलावलं आणि प्रत्येकाला बोटाने पिवळं नाव दाखवलं.

त्या संगणकावर रंग फुकट मिळत नव्हता. मुलाने त्याची किंमत पाहुण्यांच्या नावाने चुकवली, मुलीने दोन रिकाम्या घरांनी. हुशारीत मात्र दोघं सारखीच होती, हे सांगायला हवं.

संध्याकाळी मुलाने आपला प्रोग्राम उघडला, मोड 2 च्या जागी 7 लिहिलं आणि रंगांच्या ओळी काढून टाकल्या. आता मेमरी भरपूर होती, पण नावाखेरीज पाहुण्यांना काय विचारावं ते त्याला सुचेना. आजी अजून बाकावर बसल्या होत्या. तो त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला कुणी काय विचारलेलं आवडेल?"