सहावं घर रिकामं

आमच्या मंडळात मला 'पिस्तूलवाला' म्हणतात. वास्तविक माझ्याकडे पिस्तूल नाही, रिव्हॉल्व्हर आहे, आणि तेही एकच. पण गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत उभं राहून हा फरक समजावून सांगणारा माणूस लोकांना आणखीच विक्षिप्त वाटतो, हे लक्षात आल्यावर मी तो नाद सोडला. लोकांना विचारायचं असतं ते वेगळंच. "तुमच्यासारख्या माणसाला हे कशाला हवं हो?" या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर होतं. २००९ सालापर्यंत ते मला अगदी चोख वाटायचं.

आधी ही वस्तू घरात कशी आली ते सांगतो. आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहत. बर्फ पडलं की माझ्या आधी माझा ड्राइव्ह-वे साफ करून मोकळे होणारे. ते गेल्यावर आजींनी त्यांच्या गराजमधली कानशी, पक्कड, पाने अशी हत्यारं मला दिली, आणि त्याच खोक्यात फडक्यात गुंडाळलेलं हे रिव्हॉल्व्हरही ठेवलं. "तू यंत्रातला माणूस आहेस, तू नीट ठेवशील," एवढंच त्या म्हणाल्या. दुकानातून घेतलं असतं तर फॉर्म भरावा लागला असता, माझी चौकशी झाली असती. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने ते बंधन परवानाधारक विक्रेत्यावर घातलं आहे, शेजारच्या आजींवर नाही. आमच्या ओहायोत घर घेताना सह्या करून माझा हात दुखला होता. यासाठी एकही सही लागली नाही.

भारतात फोनवर आईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, "आपल्या घरात त्याचं नाव काढत नाहीत." सातारा जिल्ह्यातलं आमचं घर १९४८ मध्ये जळालं. दिल्लीत एका मराठी माणसाने पिस्तूल चालवलं आणि त्याची झळ आडनाव बघून आमच्या ओसरीपर्यंत आली. गंमत अशी की इथल्या बंदूकवाल्यांना गांधीजी फार प्रिय आहेत. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी इंग्रजांच्या शस्त्रबंदीच्या कायद्यावर कडक टीका केली होती. ते वाक्य मला इथे एकाने मोठ्या कौतुकाने ऐकवलं. ते लिहिणारा माणूस पुढे कशाने गेला हे त्याच्या ध्यानात नव्हतं, आणि मीही आठवण करून दिली नाही. पाहुण्याने फार बोलू नये, ही सवय नागरिकत्व घेतलं तरी जात नाही.

तर ही वस्तू म्हणजे रूगर कंपनीचं ब्लॅकहॉक, साठच्या दशकातलं. हे 'सिंगल ॲक्शन' आहे. म्हणजे चाप ओढला की घोडा नुसता पडतो. तो चढवायचं काम प्रत्येक वेळी अंगठ्याने करावं लागतं. कोल्टने १८७३ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी जे रिव्हॉल्व्हर काढलं, ज्याला पुढे 'पीसमेकर' म्हणू लागले, त्याचीच ही पुढची पिढी. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टने ते बनवणं थांबवलं होतं. पण पन्नासच्या दशकात टीव्हीवर काउबॉय आले, घराघरांतल्या पोरांना आणि त्यांच्या बापांना तेच हवंसं झालं, आणि १९५५ मध्ये रूगरने ब्लॅकहॉक बाजारात आणलं.

या जुन्या रचनेत एक खोड आहे. घोडा खाली असताना तो पिनेवर टेकतो आणि पिन समोरच्या काडतुसाच्या बुडावर. वस्तू हातातून निसटून घोड्यावर आपटली तर कुणीही चाप न ओढता बार उडू शकतो. म्हणून जुनी माणसं सहा घरांपैकी पाचच भरत आणि सहावं, घोड्यासमोरचं घर, रिकामं ठेवत. यंत्राची चूक माणसाने शिस्तीने झाकायची, असा तो रिवाज. १९७३ मध्ये रूगरने रचनाच बदलली. घोडा आणि पिन यांच्या मधे एक पट्टी आली. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येते आणि घोड्याचा घाव पिनेपर्यंत पोचवते. एवढंच नाही, १९५३ ते १९७२ या काळात बनलेली जुनी रिव्हॉल्व्हरं पाठवा, ही पट्टी फुकट बसवून देतो, असंही कंपनी सांगते. काढलेले जुने भाग ग्राहकाला परत मिळतात.

मी पाठवलं नाही. जाणकार म्हणतात की पट्टी बसवली की चापाची जुनी चव जाते, आणि शौकिनांच्या बाजारात किंमतही उतरते. शिवाय माझं उत्तर तयार होतंच: हे संथ हत्यार आहे. मिनिटात शंभर गोळ्या ओकणारं नाही. पाच बार, आणि प्रत्येकासाठी अंगठा वर न्यायचा, घोडा ओढायचा, खटका ऐकायचा. म्हणजे प्रत्येक वेळी माणसाला विचार करायला जागा. मला हे शस्त्र नैतिकदृष्ट्या जरा बरं वाटायचं. हसू नका, मी हे अगदी गंभीरपणे सांगत असे.

आणि मग मी त्याला हात लावला. मराठीत सुताराच्या पटाशीलाही हत्यार म्हणतात आणि तलवारीलाही. या एका शब्दाच्या आडोशाने मी कितीतरी रविवार बेसमेंटमध्ये घालवले. मूळची मूठ झिजली होती. भारतातून आणलेला आजीचा शिसवी पाट मधोमध चिरला होता, त्याचे दोन तुकडे काढले, कानशीने आकार दिला, जवसाचं तेल आठ-दहा वेळा मुरवलं. काळसर तांबूस लाकूड असं काही उजळलं म्हणता! बायकोने ते हातात घेतलं नाही. "अहो, ज्यावर बसून आपली माणसं जेवली त्याची मूठ केलीत?" एवढं बोलून ती वर निघून गेली. मी मनात म्हटलं, हिला कारागिरी कळत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मी आजतागायत दिलेलं नाही.

मुठीनंतर आतली यंत्रणा. स्प्रिंगा बदलल्या, एकमेकांवर घासणारे भाग बारीक ऑइलस्टोनवर गुळगुळीत केले. इथे जपावं लागतं, घोडा अडवणारी कड जरा जास्त घासली गेली तर तो आपणहून सुटतो. मी नोकरीभर बेअरिंगच्या कारखान्यात होतो. घर्षण कमी करणं हेच माझं पोटापाण्याचं काम, आणि त्यात मी बरा होतो. चाप इतका हलका झाला की रेंजवर एकाने वापरून बघितला आणि नुसता उद्गारला, "लोणी!" तो दिवस माझा फार आनंदात गेला.

२००९ उजाडलं. आमच्या भागात मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने पुष्कळ. जूनमध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा आमच्या मंडळातली काही घरं आधीच हादरली होती. माझा एक जुना मित्र, कॉलेजपासूनचा, वसंत ऋतूत घरी बसला होता. एकेकाळी नाटकात काम करणारा, पॉटलकमध्ये शेवटपर्यंत गाणारा माणूस. हळूहळू येईनासा झाला. आला तरी कोपऱ्यात बसून राही. दसऱ्याला आमच्याकडे लोक जमले होते. खंडेनवमीला मी देवासमोर स्क्रूड्रायव्हर, कॅलिपर आणि सौ.चा लॅपटॉप ठेवले होते. पिस्तूल कधीच ठेवत नसे, तेवढी भीड मला होती. सोनं देताना तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुझं ते पिस्तूल दाखव की एकदा. दोन दिवस नेऊ का घरी? नीट बघायचंय." या माणसाने पंचवीस वर्षांत साधा स्क्रूही पिळला नव्हता.

आवाज अगदी साधा होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "अरे, दुरुस्तीला दिलंय."

ते माझ्या पायाखाली, बेसमेंटच्या कपाटात होतं. धर्मराजाने अश्वत्थाम्याच्या बाबतीत निदान अर्धं खरं सांगितलं होतं, माझं सगळंच खोटं होतं. सगळे गेल्यावर मी खाली जाऊन बसलो. घोडा एकदा ओढला, हळूच खाली सोडला. माझ्या संथपणाच्या सगळ्या युक्तिवादात एक गोष्ट मी कधी धरलीच नव्हती. पाच बार, प्रत्येकाला वेगळा विचार, हे सगळं दुसऱ्यावर झाडायच्या गोळ्यांचं गणित. ज्याला एकच पुरे, त्याच्यापुढे संथ काय आणि जलद काय! आणि मनात आल्यापासून हातून घडेपर्यंत जे काही मधे असतं, अंगठ्याचा जोर, चापाचं जडपण, कपाटाची किल्ली, तेच तर घर्षण. ते मी हौसेने, रविवारचे रविवार बसून, लोण्यासारखं करत आणलं होतं.

पुढे वाचलं तेव्हा आकडे कळले. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. २०२१ मध्ये ४८,८३० पैकी २६,३२८. कॅलिफोर्नियातल्या पिस्तूल बाळगणाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणारे पुरुष स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट निघालं. आणि ज्यांचा प्रयत्न फसतो, त्यांतले बहुतेक जण पुढे त्या मार्गाने जातच नाहीत. ती वेळ टळली की माणूस बहुधा राहतो.

आपण दसऱ्याला शमीची आणि आपट्याची पूजा करतो. पांडवांनी शस्त्रं झाडावरून उतरवली, त्याचं आपल्याला कोण कौतुक! पण त्याआधी एक वर्ष त्यांनी ती चढवून ठेवली होती, आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून फांदीला प्रेत बांधलं होतं. अर्जुनासारख्या अर्जुनाने धनुष्य हाताला येणार नाही अशा जागी ठेवलं. त्या अर्ध्या गोष्टीचा सण आपण करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच ते रिव्हॉल्व्हर घराबाहेर काढलं. आधी ओळखीच्या बंदुकीच्या दुकानात ठेवलं, नंतर कंपनीकडे पट्टी बसवायला पाठवलं. खोटं बोललो होतो ते खरं करून टाकलं, असंही म्हणता येईल. पण मित्राला मी काय दिलं? हात देण्याऐवजी थाप दिली. त्याला सरळ विचारायला हवं होतं, "बाबा रे, तुझ्या मनात काय आहे?" चार दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो, नंतर जात राहिलो, पुढे त्याची बायको त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तो सावरला. नोकरी लागली, गाऊही लागला. त्या संध्याकाळी त्याच्या मनात खरंच तसं काही होतं की एका कंटाळलेल्या माणसाचं साधं कुतूहल होतं, हे मला माहीत नाही. नुसतं कुतूहल असेल, तर मी एका मित्रावर मनातल्या मनात केवढा आरोप केला! तरी त्या दिवशी पुन्हा मी तेच केलं असतं.

ब्लॅकहॉक आता पुन्हा घरी आहे. चाप जड झालाय, लोणी वगैरे काही राहिलं नाही. गरज नसली तरी रेंजवर मी अजून पाचच घरं भरतो. सिलिंडर एक पिन ओढली की बाहेर येतो, तो बँकेच्या लॉकरमध्ये असतो. रेंजवर जायचं तर आधी बँक उघडी असावी लागते, त्यामुळे माझं जाणं फार कमी झालं. विकून का टाकत नाही, असं मुलगी विचारते. विकलं तर ते कुणाच्या तरी घरी जाईलच, असं मी तिला सांगतो. ती म्हणते, हे कारण नव्हे, ही पळवाट आहे. मोडीत का काढत नाही, हे ती अजून विचारत नाही. विचारेल तेव्हा ती शिसवी मूठ आडवी येणार, हे मला माहीत आहे.

मागच्या दिवाळीत मित्र भेटला. फराळाची बशी हातात, आणि सहज म्हणाला, "काय रे, तुझं ते पिस्तूल दुरुस्त होऊन आलं का?" इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "आलं." तो "बरं झालं" म्हणाला आणि चकली घ्यायला वळला.

कंपनीने काढलेले जुने भाग एका प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत परत पाठवले होते. शौकीन म्हणतात, ते जपा, मूळ भागांशिवाय किंमत येत नाही. ती पिशवी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.