दुखण्यातील प्रार्थना

अंगात ताप भरला व छाती दाटली म्हणजे प्रार्थनेचे शब्दच आठवत नाहीत. मग देव आपणापासून दूर गेला की काय? दुखणाइताच्या बाजेपाशी बसणाऱ्या उपदेशकास हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. त्यास केवळ विश्वास धरा असे सांगून उठून येणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. ज्वराने देह थकतो, त्याबरोबर मनही थकते; त्यात पाप नाही. मात्र अशा वेळी नवी प्रार्थना सुचणे कठीण असते. जी आधीपासून अंगवळणी पडलेली असते, तीच ओठांवर येते.

आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे फोड करून सांगावयास नको. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरेचे पाणी पावसाळ्यात अडवून ठेवतात, म्हणून उन्हाळ्यात ते पाटाला सोडता येते. चैत्रात नदी आटल्यावर बांध घालू लागणाऱ्यास काय म्हणावे? दानीएलाचेच पाहा. राजाखेरीज कोणाची प्रार्थना केल्यास सिंहांच्या गुहेत टाकू, असा हुकूम निघाल्याचे कळताच तो घरी गेला व दिवसातून तीन वेळा गुडघे टेकू लागला. त्यात नवे काहीच नव्हते. पूर्वीही तो तसेच करीत असे, ही शास्त्रातील लहानशी नोंद आम्हांस फार मोलाची वाटते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली व उपासनामंदिरांची दारे लागली. त्या वर्षी नगरातील मुक्तिफौजेच्या बूथ रुग्णालयात करोनाचे रोगी ठेवण्यात आले. त्या रोगात आप्तांस खाटेजवळ येण्याची मोकळीक नसे, मग पाळकास कोठून असणार? ज्याची प्रार्थना रविवारच्या घंटेवरच अवलंबून होती, अशा मनुष्यापाशी त्या एकांतात काय उरले असेल? आणि ज्याच्या घरी दिवेलागणीस लहानथोरांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणण्याचा परिपाठ होता, त्याची ती शिदोरी कोण काढून घेणार?

दुखण्यात रात्र व दिवस एकच होऊन जातात. नेमल्या वेळची प्रार्थना त्यांस पुन्हा सकाळ व संध्याकाळ देते. साध्या क्षयावरही निदान सहा महिने औषध न चुकता घ्यावे लागते. बरे वाटू लागताच कित्येक ते सोडतात व रोग बळावतो. सकाळच्या प्रार्थनेस जोडून सकाळची गोळी घेणाऱ्याचा नेम सहसा मोडत नाही. प्रार्थना करतो म्हणून दवाखाना नको, असे म्हणणाऱ्यांशी आमचे मुळीच जुळत नाही. भेटीस जाणाऱ्या बंधूंस आणखी एक विनंती: तेथे लांबलचक प्रार्थना करू नये. दुखणाइतास पाठ असेल तेच हळू म्हणावे, म्हणजे त्याचेही ओठ हलतील.

तरी एक कठीण गोष्ट राहतेच. हिज्कीया राजा रडला आणि त्यास पंधरा वर्षे आयुष्य वाढवून मिळाले. पौलाने तीनदा विनवले, पण त्याच्या देहातील काटा निघाला नाही. दोन्ही वृत्तांत एकाच शास्त्रात आहेत. तेव्हा नित्याची प्रार्थना हा बरे होण्याचा सौदा नव्हे. तिने मिळते ते स्थैर्य. आणि ते बरे न होणाऱ्यासही मिळते.

पंडिता रमाबाईंचे केडगाव (नगराशेजारचे नव्हे, दौंडकडचे) आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथील मुक्तिसदनात 1905 साली शेकडो स्त्रिया रोज प्रार्थनेस जमत. पुढे बाईंस ऐकू येईनासे झाले, प्रकृती खालावली; 1921 च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरी प्रार्थना व शास्त्राचे भाषांतर हे त्यांचे दोन्ही नेम चालूच राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापलेला तो संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. तो पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही.